बोर्डावरची ताई

रविवार, ७ जानेवारी

ताई,

आज रविवार, म्हणजे माझ्या केंद्राच्या नियमाप्रमाणे फोन कपाटात आणि कागद टेबलावर. मेंबरांना मीच सांगते की आठवड्यातून एकदा फोन बाजूला ठेवून आपल्या माणसाला हातानं पत्र लिहा, मन मोकळं होतं. नियम माझाच, त्यामुळे मला तो मोडायची सोय नाही. तसंही एरवी फोन केला तर तू ‘दुकानात गिऱ्हाईक आहे’ म्हणून ठेवून देतेस, आणि निरोप पाठवला की उत्तरादाखल नुसता अंगठा येतो. आता अंगठ्यापेक्षा जास्त काहीतरी लिहावं लागेल तुला.

बातमी मोठी आहे. इथल्या कारखान्यातून बोलावणं आलं. त्यांना कामगारांसाठी वर्षभराचा कार्यक्रम हवाय: झोप, खाणं, चालणं, श्वास, सगळं मिळून. मार्चच्या शेवटी सही. हे जमलं तर मी खरी वेलनेस कोच, नाहीतर दारोदार फिरणारी बाई. आत्ता काय होतं, माणसाला बरं वाटायला लागलं की तो यायचा बंद होतो, आणि बरं नाही वाटलं की त्याच्याही आधी बंद होतो. दोन्हीकडून मीच हात हलवत बसते.

मी ज्यांच्याकडे ‘टिकणारं करिअर कसं उभारावं’ ते शिकायला जाते, त्या सल्लागारबाई म्हणतात, तुझ्याकडे विकायला वस्तू नाही, गोष्ट आहे, आणि ती गोष्ट म्हणजे तुझी ताई. कारखान्याच्या साहेबांनाही तेच आवडलं. म्हणून भाषणाचा मसुदा खाली लिहितेय, चुकलं असेल तर सांग:

‘माझे भाऊजी गेले आणि माझ्या ताईनं अंथरूण धरलं. साखर वाढलेली, झोप उडालेली, वजन वाढत चाललेलं. मी हिशेबनीसाची नोकरी सोडून तिच्याकडे राहायला गेले. तिचं खाणं बदललं, तिला पहाटे चालायला नेलं, तिच्याशी बोलले. वर्षभरात तिच्या डॉक्टरांनीच तिच्या गोळ्या बंद केल्या. तिथून माझं काम सुरू झालं.’

यात एक अक्षर खोटं नाही ना? मग तू ये, आणि माझ्या शेजारी उभी राहा. बोलायचं काही नाही, फक्त दिसायचं. तोवर एक ताजा फोटो पाठव. बोर्डावरचा जुना झाला.

तुझी चिमणी


रविवार, १४ जानेवारी

चिमणे,

मसुदा ठीक आहे. फक्त ‘तिच्याशी बोलले’ याच्या जागी ‘तिला बोल बोल बोलले’ असं कर.

नवीन फोटो कशाला, मला कळत नाही. जुनीच मी रोज बघतेय. तुझ्या केंद्राच्या जाहिरातीचा बोर्ड आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर कोपऱ्यावर लागल्यापासून मला कपाळाला आठी घालायची चोरी झालीय. बोर्डावरची मी हसते आणि खाली मी आंबट तोंडानं उभी, हे लोकांना चालत नाही. परवा बेकरीत पाव घ्यायला गेले तर दुकानदार पाव देईचना. म्हणाला, ताई, हा पाहुण्यांसाठी असणार, तुमच्यासाठी नसणारच. पाव नेला तो शेवटी पाहुण्यांच्या नावावर. पाहुणे आले नाहीत, मी तो कबुतरांना घातला. खाल्ला नाही हो, घाबरू नकोस.

मालकांनी दुकानातच फोटो काढला, मागे फ्रेमा दिसतायत, तो सोबत आहे. अंगात निळा झगा आहे तो समोरच्या शिंपीणबाईनं नुकताच पुन्हा आत घेतला. तिचं आपलं एकच, ताई, तुमच्यासारखी तब्येत मला कधी मिळणार. तुझ्या फोनवरच्या मंगळवारच्या वर्गाला ती माझ्यामुळेच यायला लागली, त्यामुळे उत्तर तूच दे.

मंचाचं मात्र अवघड दिसतंय. मार्चअखेर दुकानात सगळा माल मोजायचा असतो आणि मालकांचे गुडघे बघता स्टुलावर मीच चढणार.

पत्राचा तुझा नियम मला आवडायला लागलाय. कागदावर मधेच दम खाल्ला तरी कुणाला ऐकू जात नाही.

ताई


रविवार, २१ जानेवारी

ताई,

फोटो बघून मी खुर्चीतून उठलेच. किती सुंदर दिसतेस. गालाची हाडं दिसायला लागली तुझी, आईसारखी. वर्गात दाखवला, तर सगळ्या बायका पुढे सरकून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, यांचं वय काय. मी सांगितलं नाही. सल्लागारबाई म्हणाल्या, हाच फोटो मोठा करून कारखान्याच्या जेवणघरात लावायचा.

आणि तुझं अक्षर. पूर्वी तू मुंग्या सोडल्यासारखं लिहायचीस, एका अंतर्देशीय पत्रात तीन पत्रं मावायची. आता दोन ओळींत बोट जाईल इतकं मोठं, सुटं अक्षर झालंय. माणूस मोकळा झाला की अक्षर मोकळं होतं, हे मी वर्गात कधीपासून सांगतेय. पुरावा घरातच निघाला. पाकीट दाखवलं सगळ्यांना, पत्र नाही.

आता एक गंमत, कुणाला सांगू नकोस. यांची नोकरी गेल्यापासून हे घरीच असतात, आणि माझे फोनवरचे वर्ग स्वयंपाकघराच्या खिडकीशी चालतात. तेवढा कोपरा आम्ही पांढरा रंगवून घेतलाय, कुंडी ठेवलीय, ताजी फळं ठेवलीयत. कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं. बाकीचं सगळं घर त्या कोपऱ्याच्या मागे लपून बसलेलं असतं. हे चहाला आले तर ओणव्यानं जातात. काल यांनी बटाट्याचे वेफर्स आणले आणि मला इतकी भूक लागली की न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, उभ्याउभ्या खाल्ले. कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून चोखून खाल्ले, ताई. बाहेर आल्यावर यांनी काही विचारलं नाही, नुसता टॉवेल पुढे केला.

हसलीस ना? मला तेव्हा हसू आलं नाही. वाटलं, आता जन्मभर असंच. दुकानात माझी पिशवी लोक वाकून बघतात. सर्दी झाली तर दोन दिवस मी कुणाला दिसत नाही. पण कारखान्याचं झालं की सुटेन. एक मोठं काम मिळालं की माणसाला थोडं शिंकता येतं.

माल मोजायचं निमित्त मला पटलेलं नाही. मालकांना मी स्वतः पत्र लिहीन.

चिमणी


रविवार, ४ फेब्रुवारी

चिमणे,

मागच्या रविवारी लिहिणार होते, पण लवकर झोपले.

वेफर्स बाहेर बसून खात जा. गिळताना ठसका लागला तर नळाच्या आवाजात त्यांना कळायचं पण नाही.

मालकांना लिहू नकोस. मंचावर दुसऱ्या कुणाला घे ना, शिंपीणबाईला घे. बोलते छान, हसतेही छान. मी काय, नुसती उभी राहणार. उभी राहायला पुतळाही चालेल.

तुला एक विचारायचं होतं. आमच्याकडे एक बाई येते. तिचा चष्म्याचा नंबर पंधरवड्यात बदलतो, पुन्हा दोन आठवड्यांनी परत वेगळा. काचा बदलून आम्ही थकलो. आमच्या धंद्यात असं गिऱ्हाईक आलं की आम्ही हळूच सांगतो, आधी रक्त तपासून घ्या. तिनं घेतलं. साखर परत आलीय. पूर्वी होती, मग सगळं पथ्य करून गेली होती, गोळ्याही सुटल्या होत्या. ती विचारत होती, असं का होतं? मी म्हटलं, माझी बहीण याच कामात आहे, विचारून सांगते.

ताई


रविवार, ११ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या त्या बाईला सांग, साखर उगीच परत येत नाही. मी किती जणींचं बघितलंय. सुरुवातीला सगळं नीट पाळतात, मग एक दिवस कुणाच्या तरी घरी एक घास, मग दोन, मग स्वतःच्याच घरी दार लावून. विचारलं की शपथेवर नाही म्हणतात. तिला रागावू नकोस, पण तिनं स्वतःशी खरं बोलायला हवं. शरीर कधी फसवत नाही, आपण त्याला फसवतो. डॉक्टरकडे जायला सांग, ते तर मी सगळ्यांनाच सांगते, मी कधी कुणाच्या गोळीला हात लावलेला नाही. पण मन पक्कं असतं तर ही वेळ तिच्यावर आलीच नसती.

खरं तर तिचं उदाहरण मी मंगळवारी वर्गात सांगितलं, अर्थात कोण कुठली ते न सांगता. एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला तू. तू एकदा धरलंस ते सोडलं नाहीस. फरक एवढाच असतो, असं म्हटलं.

पुतळा चालणार नाही. साहेबांनी तुलाच मागितलंय. सव्वीस मार्च, सोमवार. रविवारी गाडीत बसलीस तरी पुरे.

चिमणी


रविवार, १८ फेब्रुवारी

चिमणे,

तुझा तो मंगळवारचा वर्ग मी आमच्या दुकानात ऐकला. शिंपीणबाईनं फोन काउंटरवर ठेवला होता. तू माझ्याबद्दल दोनदा बोललीस, एकदा फसवणारी म्हणून आणि एकदा न सोडणारी म्हणून.

ती बाई मीच आहे.

मी चोरून काही खाल्लेलं नाही. हे तुला सगळ्यात आधी सांगायचंय, साखरेच्याही आधी. तू लावून दिलेली एकही गोष्ट मी मोडलेली नाही. चालते, वेळेवर जेवते, दिवे लवकर मालवते, तुझा तो नाकानं मोजायचा श्वासही घेते, तेव्हा शेजारची मांजर येऊन बघत बसते. तरी परत आली. का, ते मला माहीत नाही. तुझे भाऊजी गेले तेव्हाही लोक विचारायचे, असं एकदम कसं झालं, काही खाण्यात आलं होतं का. काहीही आलं नव्हतं. होतं कधीकधी.

तू म्हणतेस मी सुंदर दिसते. मी तुझ्या पथ्यानं बारीक झालेली नाही, मला साखर आतून खातेय. शिंपीण महिन्या महिन्याला कपडे आत घेते आणि गावातल्या बायका मला विचारतात, ताई, तुमचं रहस्य काय. आणि अक्षर मोठं झालंय कारण बारीक लिहिलेलं मला दिसत नाही. माझंच मला वाचता येत नाही, चिमणे.

डॉक्टरकडे का नाही गेलीस, असं विचारशील. त्यांच्या बाकावर बसलं की समोर खिडकीतून बोर्ड दिसतो. बाकावरच्या निम्म्या बायका तुझ्या मेंबर, त्याही मीच आणलेल्या. त्यांच्या देखत गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मी कशी उठू? रक्त तपासायला पुढच्या गावी गेले आणि माहेरचं नाव सांगितलं. तिथल्या मुलीनं विचारलं, तुम्हाला कुठं तरी बघितलंय का.

रागावू नकोस. मला मंचावर उभं करू नकोस एवढंच. मी तिथे हसू शकणार नाही.

ताई


मंगळवार, २० फेब्रुवारी

ताई,

रविवारची वाट बघवली नाही. पत्र वाचून मी केंद्राचं दार आतून लावून घेतलं आणि रडले. तुला मी वर्गात उभं करून फसवी म्हटलं. ते तोंड मला आरशात बघवत नाही. तुला राग येत नसेल, कारण तू तशीच आहेस, पण मला माझा इतका राग आलाय की हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

उद्याच डॉक्टरकडे जा. पुढच्या गावी जा, चांगल्यातल्या चांगल्याकडे जा, औषध सुरू कर. मंचावर येऊ नकोस. मी सांगेन, तिला सुट्टी मिळाली नाही.

आता पुढचं लिहिताना मला लाज वाटतेय, तरी लिहिते. सव्वीस तारखेपर्यंत हे कुणाला कळू देऊ नकोस. महिन्याभराचा प्रश्न आहे. यांची नोकरी गेल्यापासून घर माझ्या हसण्यावर चाललंय. केंद्राच्या जागेचा करार पुढच्या वर्षापर्यंतचा आहे, मधेच सोडता येत नाही. जुन्या नोकरीवर दुसरा माणूस बसलाय. मी मागे वळून बघते तर सगळी दारं मीच लावत आलेय, एकेक करून, हसत हसत. कारखान्याची सही झाली की मी स्वतः गावात येऊन सगळ्या बायकांना सांगेन. आईची शपथ.

मी तुला उपचार थांबवायला सांगत नाहीये, ताई. फक्त गप्प राहायला सांगतेय.

चिमणी


रविवार, २५ फेब्रुवारी

चिमणे,

गप्प राहणं मला जड नाही. इतकी वर्षं लोकांचे नंबर पोटात ठेवलेत, हा एक आणखी.

शुक्रवारी पुढच्या गावी जाऊन आले. डॉक्टर तरुण आहे, बोलायला बरा आहे. गोळ्या दिल्यात, दुकानातल्या जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवते. पावलं बघायची होती त्याला, पण गाडीची वेळ झाली होती, मोजा काढायला-घालायला वेळ लागतो, म्हणून म्हटलं पुढच्या वेळी. नवे बूट जरा चावतात, बाकी काही नाही.

तू भाषणाची तयारी कर आणि जेव. वेफर्स सुद्धा चालतील.

शपथ कशाला घातलीस, तुझ्यावर मी शपथेशिवायही विश्वास ठेवते.

ताई


रविवार, ११ मार्च

ताई,

दोन रविवार गेले, तुझं पत्र नाही. निरोप पाठवला तर अंगठा आला. म्हणजे बरी आहेस, असं मी धरून चालले. गोळ्या लागू पडल्या असतील, डोळे स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून लिहीत नसशील.

तुझा मोठा केलेला फोटो आला. दारातून आत येईना, आडवा करून घ्यावा लागला. आता तो आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलाय आणि आम्ही दोघं त्याच्या समोर बसून जेवतो. यांनी काल ताट उचललं आणि आत जाऊन जेवले. म्हणाले, ताईसमोर मला घास जात नाही. मी म्हटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. तेव्हा हे म्हणाले, कुणाचा?

एक ओळ तरी लिही.

चिमणी


मंगळवार, २० मार्च

धाकट्या बाईंना,

मी तुमच्या ताईंच्या दुकानासमोरची शिंपीण. ताई सांगतायत आणि मी लिहितेय, त्यांना अजून उठून बसू देत नाहीत. आधी त्यांचं लिहिते.

‘चिमणे, मी मोठ्या इस्पितळात आहे आणि अगदी ठीक आहे. पायाची करंगळी काढावी लागली, म्हणजे मोठं असं काही नाही, चपलेचा नंबर तोच राहील. सव्वीस तारखेच्या आधी येऊ नकोस. भाषणात भाऊजींचा उल्लेख आहे तिथे थोडी थांब, घाईनं बोलू नकोस.’

आता त्यांना झोप लागलीय, तर माझं लिहिते. ठीक काही नाहीये.

रविवारी मी नंबर काढायला गेले. सुईत दोरा जाईना झालाय मला. ताईंनी काचा बदलून बदलून बघितल्या आणि एकदम विचारलं, तुझ्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना? मी म्हटलं, नाही, सोडल्या, तुमच्यासारखं व्हायचंय मला. बाई, तुम्ही सोडायला सांगितलं नव्हतं, ते मी कबूल करते. तुम्ही दर वेळी डॉक्टरांना विचारा म्हणता. पण तुम्ही म्हणता तेव्हा मागे ताईंचा फोटो असतो, आणि मी फोटोचं ऐकलं.

ताईंनी दुकानाचं दार लावलं. चष्म्याची डबी उघडून त्यांच्या गोळ्या माझ्यासमोर ठेवल्या. मग मोजा काढला. करंगळी काळी पडली होती. त्यांना दुखतही नव्हतं. म्हणाल्या, बघ माझ्यासारखं म्हणजे कसं ते, आणि आजच्या आज जाऊन गोळी घे.

मी म्हटलं, आधी तुम्ही चला. तर म्हणाल्या, सव्वीस तारखेपर्यंत थांब, मी कुणाला तरी शब्द दिलाय. मी म्हटलं, बोटाला तारीख कळत नाही. उचलून गाडीत घातलं. बोर्डावरच्या नंबरवर तुम्हाला फोन करत होते, पण रविवार होता, कुणी उचलला नाही. नंतर ताईंनी फोन करू नको म्हणून शपथ घातली. पत्राची घातली नव्हती.

काल बोट काढलं. डॉक्टर म्हणतात, महिनाभर आधी आणलं असतं तर राहिलं असतं. एवढं मी तुम्हाला लिहिलंय, हे ताईंना माहीत नाही.

समोरची शिंपीण


रविवार, १५ एप्रिल

चिमणे,

तू परत गेल्यापासून घर फार नीट आहे. कुणी मला उठताना धरत नाही, कुणी उशी बदलत नाही आणि सव्वीस तारीख सोडून इथे का बसलीस असं विचारलं की कुणी भिंतीकडे तोंड करत नाही. करमत नाही.

साखर इंजेक्शनानं खाली आलीय. नंबर स्थिरावला. बघ, अक्षर पुन्हा मुंग्यांचं झालंय, त्यावरून वर्गात काही सांगू नकोस.

आता ऐक. मी दुकानात बसायला लागले तशी दुसऱ्याच दिवशी बेकरीवाल्याची बायको आली. फ्रेम बघायचं नाटक केलं, मग पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, माझ्या तर कधी सुटल्याच नाहीत, पण वर्गात सांगायची लाज वाटायची. मग शाळेतल्या बाई आल्या. मग तुझ्या वर्गातलीच ती उंच नर्स. आठवड्यात जवळजवळ सगळ्या येऊन गेल्या, प्रत्येकीला वाटत होतं आपणच तेवढ्या नापास. मी त्यांना चहा पाजला. मालक विचारतात, चष्मे कोण घेणार.

त्यांना तुझा वर्ग हवाय. झोप खरंच लागते म्हणतात, आणि चालणं आता मोडवत नाही.

काल रंगारी शिडी घेऊन बोर्ड उतरवायला आला, तू पाठवला म्हणाला. मी परत पाठवला. बोर्डावर माझ्या गोळ्या सुटल्याचं लिहिलंय त्यात खोटं काही नाही, फक्त गोष्ट अर्धी आहे. खाली जागा आहे. तिथे लिहून घे: ‘साखर परत आली. ताई औषध घेते आणि चालतेही.’ मला ते रोज जाता-येता वाचायचंय. त्याखाली उभं राहून मला आठी घालायचीय.

त्या महिन्याबद्दल तू बोललीस नाहीस, मीही काढलं नाही. पण चिमणे, त्या डॉक्टरपुढे मोजा मीच काढला नव्हता.

ताई


रविवार, २२ एप्रिल

ताई,

रंगारी उद्या येईल. दोन्ही ओळी सांगितल्यात.

कारखान्यात काल जाऊन आले. सव्वीसला मी गेले नाही म्हणून साहेब नाराज होतेच. मी तुझा फोटो नेला होता, त्या दोन ओळींसकट. त्यांनी वाचलं आणि विचारलं, मग तुमच्या कार्यक्रमाचा उपयोग काय? मी म्हटलं, उपयोग आहे, पुरेसा मात्र नाही, औषधाच्या जोडीनं आहे. कळवतो म्हणाले. ते कळवणार नाहीत, हे मला आणि दारावरच्या पहारेकऱ्यालाही कळलं. सल्लागारबाईंनी तर अजून फोन उचललेला नाही.

पुढच्या सोमवारपासून सकाळी मी एका मालवाहतूकवाल्याकडे हिशेब लिहायला जाणार, दुपारनंतर केंद्र. जागेचा करार अजून मानगुटीवर आहे, त्यातून सुटका नाही. अडकलेली मी तेवढीच आहे, ताई, पण आता कोपरा मोठा झालाय. यांनी परवा भर वर्गात सरळ उभ्यानं येऊन चहा घेतला. बायका नमस्कार करायला लागल्या, तेव्हा बिचारे गोंधळून पुन्हा वाकले.

मोज्याबद्दल तू लिहिलंस. तुझं बाकी काहीही मी मान्य करेन, पण दोष तुझा, हे नाही. गप्प राहा, हे मी लिहिलं होतं. तू लहानपणापासून माझं सगळं ऐकत आलीस आणि हेही ऐकलंस. इस्पितळात रोज पट्टी बदलताना मी तो पाय धरत होते, आणि तू माझ्या डोक्यावर हात ठेवत होतीस. मला ते सहन होत नव्हतं, म्हणून मी भिंतीकडे बघत होते. ते बोट मी काही केलं तरी परत येणार नाही. हे मला रोज आठवणार आहे आणि आठवू दे.

मी तुझं अक्षर बघितलं, फोटो बघितला, अंगठे बघितले आणि सगळ्याचा अर्थ मला हवा तो लावला. एकदा आवाज ऐकला असता तर दोन वाक्यांत कळलं असतं की तुला धाप लागतेय. पण रविवारी फोन कपाटात होता, आणि ते मला फार चांगलं वाटत होतं.

नियम आजपासून बंद. पुढच्या रविवारी पत्र येणार नाही, फोन येईल. अंगठा पाठवू नकोस, गिऱ्हाईक आहे म्हणून ठेवू नकोस. उचल. सांगायला काही नसलं तर बोलू नकोस, नुसता श्वास घे. मी ऐकत बसेन.

चिमणी